एका हातानं कंप्युटरवर चाल बांधता येते का?

पेटीवाला_दारव्हा:
राम राम मंडळी. भजनात पेटी वाजवतो, म्हणजे वाजवत होतो. मागच्या हंगामात सोयाबीन काढताना थ्रेशरमधी डावा हात गेला, मनगटापासून. उजवा ठणठणीत आहे पण भाता कोण मारणार? पुतण्या बसते बाजूले, पण पोट्टंच ते, अंतरा आला की मोबाईलकडे पाहते अन् सूर मरून जाते. म्हटलं आता लॅपटॉपवरच चाली बांधाव्या अन् मंडळाले ऐकवाव्या. ४ जीबीचा जुना लॅपटॉप आहे. दुकानात विचारलं तं थो म्हणे एका हातानं माऊस धरसान का कीबोर्ड, राहू द्या काका. राग आला लय, पण अर्धे शॉर्टकट खरंच दोन हातांचे आहेत अन् माऊसनं एकएक सूर ठेवता ठेवता ध्रुवपदच विसरून जातो. कोणी केलंय का असं?

झाडीचा_ऑर्गनवाला:
काका आधी शिफ्ट ५ वेळा दाबा. स्टिकी कीज चालू करू का विचारते, हो म्हणा. मग कंट्रोल दाबून सोडून द्यायचं अन् दुसरी कळ सावकाश दाबायची, धरून ठेवा लागत नाई. मग म्युझस्कोर घ्या, सूर लिहून वाजवून ऐकायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, तुमच्या लॅपटॉपले ३ नंबरचं जुनं व्हर्जनच बरं. एन दाबा, ५ म्हणजे एका मात्रेचा सूर, ४ म्हणजे अर्ध्या मात्रेचा, अन् मग नुसती अक्षरं, सी म्हणजे सा, डी रे, ई ग, एफ म, जी प, ए ध, बी नी. कोमल ग पाहिजे तं ई टाकून खालचा बाण एकदा. ऐकायचं तं एस्केप अन् स्पेस. काळी एक का पांढरी चार हे डोक्यात घेऊ नका, सगळं सी वर लिहा, शेवटी ट्रान्सपोज करा, म्हणजे सगळी चाल पाहिजे त्या पट्टीत सरकते.

कानानं_पाहतो:
मी जन्मापासून आंधळा, माऊस काय असते माहीत नाई. रीपर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो, त्यात ओसारा नावाचं फुकट एक्स्टेन्शन टाकलं की एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, सगळं बोलून दाखवते (एका कानात ते, एका कानात गाणं, सवय होते). रीपर ६० दिवस फुकट, मग घरगुती लायसन्स ६० डॉलर.
वरच्या भाऊचं बरोबर आहे, पण टाइप केलेलं भजन वरातीतल्या बँडसारखं ताठ वाजते. काका तुमचा उजवा हात आहे नं, मग वाजवा की! साधा यूएसबीचा मिडी कीबोर्ड घ्या, पेटीसारख्या पट्ट्यांचा, कोणता सूर केव्हा दाबला थे कंप्युटरले सांगते. टेम्पो ५० वर आणून आरामात रेकॉर्ड करा, मग ८० करा, मिडीत फक्त लय वाढते, सूर चढत नाई. आधी चाल, मग दुसऱ्या ट्रॅकवर खालचे सूर, तिसऱ्यावर अजून काही, एकच हात तीनदा वाजवायचा. अन् खंजिरी मोबाईलवर खरी रेकॉर्ड करून टाका, तिले क्वांटाइझ (ठोके मोजून तंतोतंत मात्रेवर बसवणं) बिलकुल करू नका, ठेक्याचा जीवच जाते.

पेटीवाला_दारव्हा:
स्टिकी कीज झालं, जमते! काल अस्थाई टाइप केली, दोन तास लागले पण झाली. पण वाजवलं तं सगळे सूर सारखेच, भात्यानं कसा सूर फुगवता येते, उतरवता येते, थे नाई त्यात.

कानानं_पाहतो:
त्याले एक्स्प्रेशन पेडल. पायानं दाबलं तसा आवाज फुगते, मिडीत ११ नंबरचा कंट्रोल असते तो. दुकानदार सस्टेनचा पेडल हातात देईन, घेऊ नका, तो नुसता चालू-बंद. अन् कीबोर्डले एक्स्प्रेशनची वेगळी जागा आहे का थे पाहूनच पैसे द्या, सस्त्या कीबोर्डले बहुतेक नसतेच.

पेटीवाला_दारव्हा:
म्हणजे पायपेटीच झाली की ही! पण बाप्पा, पायानं तं मी ताल धरतो.

झाडीचा_ऑर्गनवाला:
दुसरा आहे नं काका 😄