मदत हवी आहे: परदेशी प्रेक्षकांसाठी चिनी संस्कृतीचं चॅनेल काढायचंय (तातडीचं)

घाईतला_विशू:
नमस्कार मंडळी. शुक्रवारी बॉसपुढे कच्चा आराखडा ठेवायचाय आणि माझ्याकडे आत्ता फक्त नाव आणि लोगो आहे. आमची कंपनी चिनी संस्कृतीवर चोवीस तासांचं चॅनेल काढतेय, इंग्रजीतून, बाहेरच्या लोकांसाठी. चहा, खाणंपिणं, ऑपेरा, सणवार, सुलेखन, कुंग फू असा मामला. बातम्या अजिबात नाहीत. कार्यक्रमांची सोय झालेली आहे, त्याची चिंता नको. लायसन्स कसं मिळतं, खर्च किती, आणि सबटायटल्स द्यावीत की डबिंग करावं, एवढंच सांगा. 'चिनी माल टिकतो का' छापाचे विनोद माझे ऐकून झालेत.

अँटेना:
कुठल्या देशात? लायसन्स देश देतो, पृथ्वी देत नाही. सॅटेलाइट, केबल की नुसतं इंटरनेट? कंपनी कोणाची?

चहाबाज:
चहावर कार्यक्रम करणार असाल तर ग्रीन टी आणि वजन कमी करणं यापलीकडे जा, ही विनंती. युन्नान प्रांतातला पु-अर चहा चकत्यांमध्ये दाबून वर्षानुवर्षं मुरवतात. फूजियान प्रांतातल्या वूयी डोंगरात उलाँग चहा खडकाळ जमिनीत वाढतो. दक्षिण चीनमधल्या छाओचौकडचे लोक इवल्याशा कपांतून, पुन्हा पुन्हा पाणी ओतून तासन्‌तास पितात. चीनच्या चहा बनवण्याच्या परंपरा २०२२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. एकेका चहावर एकेक भाग आरामात होईल.

टिळकरोडवाला:
भारतात विसरा. २०२० च्या एप्रिलमध्ये सरकारने नियम केला की जमिनीची सीमा लागून असलेल्या देशातला पैसा आधी मंजुरी घेतल्याशिवाय येणार नाही. जूनमध्ये ५९ अ‍ॅप बंद झाली. शिवाय बाहेरून येणाऱ्या चॅनेलला डाउनलिंकची, म्हणजे सॅटेलाइटवरून इथे उतरवून दाखवायची, परवानगी हवी, त्यासाठी भारतातल्या कंपनीकडे ५ कोटींची नेटवर्थ, आणि वर्षाला १५ लाख फी. गृहखात्याची सुरक्षा तपासणी वेगळीच. तुमचा बॉस चिनी असेल तर फाइल हलणारच नाही.

घाईतला_विशू:
अहो काका, मी भारताचं नाव तरी घेतलंय का? लंडनला असतो मी, प्रोफाइलमध्ये आहे. स्काय या इथल्या टीव्ही सेवेवर दिसायला हवं, तेही सॅटेलाइटवरून.

टिळकरोडवाला:
प्रोफाइल बघायला आम्ही इथे स्थळं शोधतोय का? माहिती दिली, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

अँटेना:
लंडन म्हणजे ऑफकॉम, ब्रिटनमध्ये टीव्हीची लायसन्स देणारी आणि नियम पाळायला लावणारी संस्था. तुम्हाला लागेल ते सॅटेलाइट-केबल चॅनेलांचं लायसन्स, टीएलसीएस म्हणतात त्याला. अर्जाची फी अडीच हजार पौंड, अर्ज नाकारला तरी परत नाही. पण ती रक्कम किरकोळ आहे. खरा पेपर अर्जातल्या मालकीच्या पानांचा असतो: शेअर कोणाकडे, कर्ज कोणाचं, आणि काय दाखवायचं ते कोण ठरवतं. बातम्या नसल्या तरी ऑफकॉमचा ब्रॉडकास्टिंग कोड, म्हणजे कार्यक्रमांची नियमावली, लागू होतेच. अमुक चिनी औषधाने तमुक आजार बरा होतो असं बेधडक दाखवलंत तरी नोटीस येऊ शकते. म्हणून परत विचारतो, कंपनी कोणाची?

सांडगी_मिरची:
सगळ्यात आधी हे सांगा की २४ तासांचं चॅनेल आता बघतं कोण? चीन सरकारने १९९२ मध्ये सीसीटीव्ही-४ काढलं (सीसीटीव्ही म्हणजे त्यांचा सरकारी टीव्ही, कॅमेरे नव्हेत), २००० मध्ये इंग्रजी सीसीटीव्ही-९, मग स्पॅनिश, फ्रेंच, अरबी, रशियन, आणि २०१६ च्या शेवटच्या दिवशी या परकीय भाषांतल्या चॅनेलांना सीजीटीएन असं नवं नाव दिलं. वॉशिंग्टन, नैरोबी, लंडनला स्टुडिओ थाटले. एवढं करून तुमच्या शेजारच्या ब्रिटिश माणसाला त्यातला एक कार्यक्रम आठवतो का विचारा. उलट सिचुआनच्या मियानयांगजवळच्या गावातली ली झीची बघा. शेतातून भाजी काढते, लोणची घालते, आजीला जेवायला वाढते. जवळजवळ बोलतच नाही, इंग्रजी तर नाहीच. २०२१ मध्ये यूट्यूबवर १ कोटी ४१ लाख सबस्क्रायबर, चिनी भाषेतल्या चॅनेलांत गिनीज रेकॉर्ड. स्काय सोडा, यूट्यूबवर या. लायसन्सची कटकटच नाही.

अँटेना:
आणि त्याच २०२१ च्या जुलैनंतर ती गप्प झाली, कारण जी कंपनी तिचं काम बघायची तिच्याशी भांडण लागलं. पुढचा व्हिडिओ २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये. एका माणसावर उभं केलेलं चॅनेल एका माणसाबरोबर बसतं.

सांडगी_मिरची:
तीन वर्षं गप्प बसूनही लोक वाट बघत होते, आणि परत आली तेव्हा धो धो बघितलं. तुमच्या स्कायवाल्यांपैकी किती चॅनेलांची कुणी तीन दिवस तरी वाट बघेल?

अँटेना:
मुद्दा मान्य, पण प्रश्न विशूच्या बॉसचा आहे. बॉसला स्काय हवंय.

नगरकर_नाना:
पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमारास आमच्याकडे मर्फीच्या रेडिओवर शॉर्टवेव्हला रेडिओ पेकिंगची हिंदी सेवा लागायची. पत्र पाठवलं की छापील कार्ड आणि रंगीत मासिक घरी यायचं, तेही फुकट. पोस्टमन चौकशी करायचा, एकदा तर पोलीसही येऊन गेले. परदेशी लोकांना आपली संस्कृती सांगायची त्यांची हौस जुनीच आहे. आणि चिनी संस्कृतीच्या चॅनेलवर डॉ. कोटणीसांवर कार्यक्रम हवाच. १९३८ ला गेले, १९४२ ला तिथेच वारले. आपल्या मराठी माणसाला तिकडे शिजियाच्वांगला स्मारक आहे.

काऊ_काकू:
नाना, सोलापूरचे ते. नगरकर आहात म्हणून नगरला ओढू नका.

नगरकर_नाना:
मी नगरचे म्हटलंच नाही, मराठी म्हटलं. वर जाऊन वाचा.

काऊ_काकू:
बरं. विशू, डबिंगबद्दल माझं मत. डबिंगच करा, पण आवाज स्थानिक घ्या. २०११ मध्ये टांझानियाच्या सरकारी टीव्हीवर सासू-सुनांची एक चिनी मालिका स्वाहिलीत डब करून दाखवली होती, ती इतकी चालली की शी जिनपिंग दार-ए-सलामला गेले तेव्हा भाषणात त्यांनी तिचा उल्लेख केला. ही २०१३ ची गोष्ट. मालिका लागायची तेव्हा माझी नणंद तिथेच होती, तिची कामवाली त्या वेळेला घरी जायची घाई करायची. सासू-सुनेला कसलं आलंय सबटायटल.

चहाबाज:
ऑपेराला मात्र डबिंग नको हं. कुनछू हा जुना ऑपेरा इंग्रजीत डब केलेला ऐकवलंत तर लोक टीव्ही विकतील. तिथे सबटायटल्सच, आणि तीही कमी. आधी दोन मिनिटं गोष्ट सांगा, मग गाऊ द्या.

घाईतला_विशू:
डबिंगचं कळलं, मालिकांना डबिंग, गाण्याला सबटायटल्स. धन्यवाद. अँटेना, मालक खासगी माणूस आहे, मूळ फूजियानचा, लंडनला त्याचा रेस्टॉरंट आणि आयातीचा धंदा. पैसा त्याचाच. सरकारचा काडीचा संबंध नाही. कार्यक्रम तिकडच्या एका प्रांताच्या टीव्ही स्टेशनकडून फुकट येतात. वेळापत्रकही तेच करून पाठवणार, आम्ही फक्त इंग्रजी करून लावायचं. आता फॉर्मचं बोला.

अँटेना:
थांबा थांबा. 'फक्त लावायचं' हेच तर पहिल्या पोस्टमध्ये सांगायला हवं होतं. सीजीटीएनचं ब्रिटनमधलं लायसन्स ४ फेब्रुवारी २०२१ ला रद्द झालं ते बातम्यांमधल्या एखाद्या वाक्यासाठी नाही. लायसन्स ज्या कंपनीच्या नावावर होतं ती फक्त चॅनेल पोचवत होती, काय दाखवायचं हे तिच्या हातात नव्हतं. पाटी एकाची आणि गल्ल्यावर दुसराच, असं दुकान होतं ते. मग ज्यांच्या हातात होतं त्यांच्या नावावर लायसन्स करून द्या म्हणाले, तर ऑफकॉमने सांगितलं की ती संस्था शेवटी चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या नियंत्रणाखाली आहे, आणि ब्रिटनच्या कायद्याने राजकीय संस्थेला लायसन्स देता येत नाही. चीनमधली प्रांतांची टीव्ही स्टेशनं सरकारीच असतात. तुमचा रेस्टॉरंटवाला कितीही सज्जन असो, वेळापत्रक तिकडून येत असेल तर कागदावर तुम्ही तेच करताय. चहा दाखवा नाहीतर पांडा.

टिळकरोडवाला:
आणि त्यानंतर आठवड्याभरात चीनने बीबीसी वर्ल्ड न्यूज बंद केलं, ते कोण सांगणार? दोघेही सारखेच. संस्कृती-बिंस्कृती सगळी निमित्तं.

सांडगी_मिरची:
सीजीटीएन फ्रान्समार्गे परत आलंच की. फ्रेंच कंपनीचा सॅटेलाइट वापरतात म्हणून फ्रान्सच्या अखत्यारीत धरलं. विशू, पॅरिसला जा.

अँटेना:
फ्रान्सलाही नियम आहेत, आणि स्कायच्या यादीत जागा मिळवणं हा वेगळाच व्यवहार. त्याच्या कंपनीला कशाला तिकडे धाडताय? विशू, करार बदलून घ्या. तुमच्याकडे संपादक नेमा, पगार तुमच्या कंपनीने द्यायचा. वेळापत्रक त्याने करायचं, न आवडलेला कार्यक्रम टाकून द्यायचा हक्क त्याला, आणि हे करारात लिहिलेलं हवं. आणखी एक. फुकट मिळालेल्या कार्यक्रमांतल्या गाण्यांचे आणि जुन्या फिल्मच्या तुकड्यांचे हक्क बहुतेकदा चीनपुरतेच घेतलेले असतात. ब्रिटनमध्ये लावलंत तर दावा तुमच्यावर. अर्ज भरण्याआधी माध्यमांचा कायदा जाणणाऱ्या वकिलाला कागद दाखवा.

काऊ_काकू:
बघा, मुलगा डबिंग विचारायला आला आणि हातात वकील घेऊन चालला.

घाईतला_विशू:
बॉसशी बोललो. संपादक नेमायला तो तयार आहे, त्याच्या मेव्हण्याला नेमू म्हणतो. तिकडच्या स्टेशनला फोन केला, तर ते म्हणतात वेळापत्रक तुम्ही ठरवणार असाल तर कार्यक्रम फुकट नाहीत, तासाच्या हिशेबाने पैसे. हे परवडेल का?

अँटेना:
मेव्हणा करतो काय? तासाला किती मागतात? हक्क किती वर्षांचे, कुठल्या देशांचे, त्यात इंटरनेट धरलंय का? दिवसाला नवे तास किती आणि पुन्हा दाखवायचे किती? आकडे न सांगता परवडेल का विचारताय.

चहाबाज:
चहाचे भाग महाग असतील तर चित्रीकरण मी करून देईन. व्यनि (खासगी निरोप) करा.