घरच्या नेटला जीबीची मर्यादा पटते का? आपापले हिशोब लिहा (इंदूरकर विशेष)

स्नेहनगरवाली
कागद आवरताना बीएसएनएलच्या डेटावन ब्रॉडबँडचं जुनं बिल हाती आलं आणि सगळं आठवलं. २५६ केबीपीएस, मोजका डेटा, वरच्या प्रत्येक एमबीला पैसे. काही प्लॅनांत रात्री २ ते ८ मोजणी बंद, म्हणून घरोघरी २ चा गजर. आता फायबरला महिन्याला ३३०० जीबी मिळतात, तरी 'अनलिमिटेड'च्या डोक्यावर मर्यादेच्या अटीची ती बारीक चांदणी (*) असतेच. मर्यादा असावी का? वापराप्रमाणे पैसे घ्यावेत का? नुसतं चांगलं-वाईट नको, आकडे द्या.

तारवाला
३३०० ला ३० ने भागा, रोजचे ११० जीबी. एचडी सिनेमा तासाला साधारण ३ जीबी खातो, फोर-के ७. म्हणजे रोज ३६ तास एचडी बघितलं तर संपेल! १०० एमबीपीएसची लाइन सलग पूर्ण ओढली तर मात्र ७३ तासांत खलास. साध्या घराला ही मर्यादा लागत नाही. लागते ती कॅमेऱ्यांना.

मंजिरी_सुदामानगर
कॅमेऱ्यांचं अगदी खरं. २ एमबीपीएसचा एक कॅमेरा चोवीस तास क्लाउडवर पाठवत राहिला तर दिवसाला २१.६ जीबी, महिन्याला ६४८. चार कॅमेरे म्हणजे २५९२, बाकी घराला उरले ७०८. आणि अपलोडही मर्यादेत धरतात, हे कोणी सांगत नाही. उपाय सोपा आहे. रेकॉर्डिंग घरातल्या एनव्हीआरवर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) किंवा कार्डावर घ्या, क्लाउडला फक्त हालचालीच्या क्लिपा जाऊ द्या, कोडेक, म्हणजे व्हिडिओ आवळण्याची पद्धत, एच.२६५ ठेवा. मोबाइलवर बघताना सब-स्ट्रीम, म्हणजे कमी दर्जाचं हलकं चित्र, निवडा.

राजवाडा_७
विषय सोडून विचारते, माफ करा. पावसात लाइट गेली की राउटर बंद पडतो. छोटा यूपीएस कोणता घ्यावा?

तारवाला
ताई, आधी अडॅप्टरवरचं लेबल वाचा. बहुतेकांवर १२ व्होल्ट असतं, पण ९ चेही असतात. व्होल्ट तोच हवा. अँपिअर जास्त चालतो, कमी नको. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांची बेरीज करा. पिनची जाडी मोजून न्या, ५.५ मिमी बाहेरून सारखी दिसते पण आतली २.१ आणि २.५ वेगळी. चुकीची घेतली तर ढिली बसते आणि नेट मधेच जातं.

विनय_लोकमान्यनगर
मूळ मुद्द्यावर येतो. नर्मदेचं पाणी आठवा. नर्मदाकाठच्या जलूदहून पंपाने चढवून आणलेलं, प्रत्येक लिटरला वीज लागते. तिथे मोजून पैसे घेणं समजतं. डेटाचं तसं नाही. एकदा केबल टाकली, डबे बसवले की पहाटे ४ ला कोणी ५० जीबी उतरवले तर कंपनीला जवळजवळ काहीच लागत नाही. खर्च ठरतो तो रात्री ८ ते ११ च्या गर्दीवर. नळाला पाणी आल्या आल्या गल्लीत सगळे टुल्लू पंप लावतात आणि शेवटच्या घरी धार बारीक होते ना, तसंच. जीपॉन फायबरवर (एकच तार अनेक घरांत वाटण्याची पद्धत) कंपनीच्या एका पोर्टला २.५ जीबीपीएस उतरतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ३२ घरांनी एकदम ओढलं तर वाट्याला ७८ एमबीपीएसच्या आसपास, ६४ असतील तर ३९. केबलवाल्यालाही वरून बँडविड्थ बहुधा एमबीपीएसच्या भावाने घ्यावी लागते, जीबीच्या नाही. मग महिन्याची जीबी-मर्यादा गर्दी कशी कमी करणार? ती पहाटेच्या डाउनलोडलाही तेवढंच मोजते. म्हणून मला ती पटत नाही.
एअरफायबरचं, म्हणजे टॉवरवरून बिनतारी येणाऱ्या नेटचं, वेगळं. टॉवरचा स्पेक्ट्रम (रेडिओ लहरींचा पट्टा) अख्ख्या वस्तीत वाटला जातो, केबलसारखा एक तार जास्त ओढून वाढत नाही. तिथे १००० जीबीची मर्यादा मी समजू शकतो.

अपर्णा_वैशालीनगर
पण विनयदादा, आजी-आजोबा दोघंच असलेल्या घरात महिन्याला २० जीबी होतात. ४४९ चा प्लॅन, १८ टक्के जीएसटी धरून ५३० रुपये. त्यांनी कॅमेरेवाल्यांचा खर्च का भरावा?

विनय_लोकमान्यनगर
त्यांना हळू, स्वस्त प्लॅन द्यावा, हे १०० टक्के मान्य. १० एमबीपीएस त्यांना पुष्कळ झाले. पण जीबीचं मीटर नको. वीज बटण दाबल्यावर जळते, नेट आपोआप जळतं. फोटोंचा बॅकअप, टीव्हीचं ऑटोप्ले, विंडोजचे अपडेट. विंडोज तर तुमच्या लाइनवरून दुसऱ्यांनाही अपडेट वाटू शकतं, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये जाऊन ते बंद करा.

कौस्तुभ
अमेरिकेत कॉमकास्ट या नेट कंपनीची महिन्याला १ टीबी (१००० जीबी) मर्यादा होती, पुढच्या दर ५० जीबीला १० डॉलर. मार्च २०२० मध्ये सगळे घरी बसले, वापर वाढला आणि नेमकी तेव्हाच मर्यादा काही महिने उठवली. जाळं कोसळलं नाही. मर्यादा जाळ्यासाठी होती की बिलासाठी, ते तिथेच कळलं.

मंजिरी_सुदामानगर
मोजणीतल्या दोन गफलती सांगते. कंपनी जीबी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. कंपनीचे ३३०० जीबी म्हणजे विंडोजच्या आकड्यात ३०७३. दुसरं, राउटरच्या पानावरचा आकडा रीबूट झाला की शून्य होतो. काही जुन्या डब्यांत मोजणी ३२ बिटची असते, ४.२९ जीबीला पुन्हा शून्यावर. तो आकडा घेऊन कंपनीशी भांडू नका. त्यांच्या अ‍ॅपमधला रोजचा वापर बिलाच्या तारखेपासून बघा, पहिल्या तारखेपासून नाही.

तारवाला
आणि लाइन घेण्याआधी एकच विचारा, मर्यादा संपल्यावर वेग किती उरतो? ट्रायने (दूरसंचार नियामकाने) २०१६ मध्ये किमान ५१२ केबीपीएस सांगितलं होतं. तेवढ्यात यूपीआय होतं, मुलांचा व्हिडिओ क्लास अडकतो. २०२३ पासून ब्रॉडबँडची व्याख्याच २ एमबीपीएसची आहे, तर मर्यादेनंतरही निदान तेवढे मिळायलाच हवेत. लेखी घ्या.

राजवाडा_७
लेबल बघितलं. १२ व्होल्ट १ अँपिअर, दुसऱ्यावर १२ व्होल्ट ०.५.

तारवाला
मग २ अँपिअरचा, दोन आउटपुटवाला घ्या. महाराणी रोडला मिळेल, अडॅप्टर सोबत न्या आणि पिन तिथेच लावून बघा.