मदत हवी आहे: तेल काढण्यासाठी जमिनीत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा हिशेब कोठपर्यंत धरावा?

नमस्कार मंडळी. मी पेट्रोलियम अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी प्रबंध लिहीत आहे. जुन्या तेलसाठ्यात कार्बन डायऑक्साइड दाबाने सोडून उरलेले तेल काढले, तर त्यातला किती वायू खरोखर जमिनीखाली राहतो, हा त्याचा विषय आहे. तांत्रिक भाग बऱ्यापैकी पूर्ण झाला आहे, परंतु हिशेबाच्या प्रकरणापाशी मी दोन महिने अडलो आहे. सीमा कोठे आखली यावर उत्तर बदलते, आणि प्रत्येक वेळी आकडेमोड बरोबरच असते. या क्षेत्रात काम केलेल्या सभासदांनी मार्ग दाखवावा, ही विनंती.

ज्यांना विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. तेलसाठा म्हणजे जमिनीखालचे तळे नव्हे. खडकाच्या बारीक छिद्रांत ते तेल मुरलेले असते. आधी नैसर्गिक दाबाने आणि पुढे पाणी सोडून साधारण एक तृतीयांशाच्या आसपास तेल हाती लागते. बाकीचे छिद्रांच्या अरुंद गळ्यांत थेंबाथेंबाने अडकून राहते आणि पाण्याचा कितीही मारा केला तरी हलत नाही. कार्बन डायऑक्साइडचे तापमान ३१ अंश सेल्सिअसच्या आणि दाब सुमारे ७४ बारच्या वर गेला की तो धड वायूही राहत नाही आणि धड द्रवही होत नाही. साधारण ८०० मीटरपेक्षा जास्त खोलीवर तो सहसा याच अवस्थेत असतो. द्रवासारखा दाट, पण वायूसारखा सहज वाहणारा. तो तेलात शिरला की तेल फुगते, पातळ होते आणि पुढे सरकू लागते.

हे मी प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहिले आहे आणि ते दृश्य माझ्या मनातून जात नाही. जाड काचेच्या उभ्या नळीत तेल भरलेले असते आणि खालून कार्बन डायऑक्साइडचा एक बुडबुडा सोडला जातो. दाब कमी असताना तो बुडबुडा आपला आकार टिकवून वरपर्यंत जातो. दाब वाढवत नेला की त्याची खालची कड धूसर होते, तिला शेपटीसारखा धागा फुटतो आणि एका ठरावीक दाबाला तो अर्ध्या वाटेतच तेलात विरून जातो. तेल आणि वायू यांच्यातली सीमारेषा उरत नाही, म्हणूनच छिद्रांत अडकलेला थेंब सुटू शकतो. या दाबाला मी प्रबंधात ‘किमान मिश्रणदाब’ म्हटले आहे. अधिक चांगला मराठी शब्द कोणी वापरत असल्यास जरूर सांगावा.

आता अडचणीकडे येतो. तेलाबरोबर बराचसा कार्बन डायऑक्साइड पुन्हा वर येतो. तो वेगळा करून, दाबून पुन्हा त्याच साठ्यात सोडतात. सुरुवातीला मी विहिरींच्या तोंडावरील मापकांचे आकडे वर्षानुवर्षे बेरजेत धरत गेलो, त्यामुळे एकच वायू माझ्या तक्त्यात चार-पाच वेळा ‘साठवला’ गेला होता. मार्गदर्शकांनी ती चूक दाखवली आणि मी ती दुरुस्त केली. उदाहरणार्थ, एका काल्पनिक क्षेत्रात वर्षाला १० लाख टन वायू आत सोडला आणि त्यातील ४ लाख टन फिरून आलेला असला, तर नव्याने आलेला वायू ६ लाख टनच होय, आणि साठवण मोजायची ती त्यातूनच. इथपर्यंत माझा गोंधळ नाही.

या ६ लाख टनांच्या मोबदल्यात १५ लाख पिंपे तेल निघाले असे धरू, म्हणजे पिंपामागे ०.४ टन वायू झाला. अमेरिकेतील क्षेत्रांत पिंपामागे ०.३ ते ०.६ टन वायू लागतो असे सामान्यतः सांगतात, तेव्हा हा आकडा अवास्तव नाही. हिशेबाची सीमा तेलक्षेत्राच्या कुंपणावर थांबवली, तर ६ लाख टन साठवण झाली आणि प्रकल्प उत्तम ठरला. परंतु एक पिंप तेल जाळल्यावर सुमारे ०.४३ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यात उत्पादन, शुद्धीकरण आणि वाहतूक यांचे साधारण ०.१ टन मिळवले, तर १५ लाख पिंपांमागे ७.९५ लाख टन होतात. म्हणजे निव्वळ १.९५ लाख टन हवेत गेले. शिवाय हे तेल बाजारात दुसऱ्या तेलाची जागा घेते की एकूण वापरात भर घालते, हा प्रश्न उरतोच.

त्यापुढे वायू आणला कोठून, हा मुद्दा येतो, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. टेक्सासमधील सॅक्रॉक या तेलक्षेत्रात १९७२ मध्ये मोठ्या प्रमाणावर हे काम सुरू झाले, तेव्हा नैसर्गिक वायूच्या शुद्धीकरणातून वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड तेथे आणला जात होता. पुढे त्याच पट्ट्यातील क्षेत्रांसाठी कोलोरॅडोतील मॅकएल्मो डोम या नैसर्गिक साठ्यातून सुमारे ८०० किलोमीटर लांबीच्या नळवाहिनीने वायू येऊ लागला. जो वायू लाखो वर्षे जमिनीखालीच होता तो उपसून दुसरीकडे पुरला, तर हवेचा काहीच फायदा झाला नाही. उलट उपसण्याची आणि दाबण्याची ऊर्जा खर्ची पडली. याउलट कॅनडातील वेबर्न क्षेत्रात २००० पासून आलेला वायू नॉर्थ डकोटातील कोळशापासून वायू बनवणाऱ्या कारखान्याचा होता आणि तो एरवी हवेतच गेला असता. साठ्यात पोचल्यावर मात्र दोन्ही ठिकाणचा वायू सारखाच दिसतो.

माझा प्रश्न असा आहे: प्रबंधात कोणती सीमा मुख्य धरावी, आणि कारखान्याने ‘आम्ही पकडला’ म्हणून व तेलक्षेत्राने ‘आम्ही साठवला’ म्हणून एकाच टनावर केलेला दुहेरी दावा कसा टाळावा? दुसरे असे की, तेलक्षेत्रांत आधीच शेकडो जुन्या विहिरी असतात. त्यांतून होणारी गळती हिशेबात कशी धरावी?

प्रतिसाद १

तुमची मांडणी योग्य दिशेने चालली आहे. तेलसाठ्यांच्या अभियांत्रिकीत बरीच वर्षे काम केल्यामुळे दोन-तीन गोष्टी सुचवतो.

कुंपणाच्या आतला हिशेब आणि कुंपणाबाहेरचा हिशेब ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे नसून ते दोन वेगळे प्रश्न आहेत. तेव्हा मुख्य कोणता, हे ठरवू नका. दोन स्वतंत्र तक्ते करा आणि त्यांची बेरीज कोठेही दाखवू नका. आतल्या हिशेबासाठी २०१९ चे आयएसओ २७९१६ हे मानक पाहा. ते नेमके तेल काढताना होणाऱ्या साठवणीसाठी आहे. त्यात बाहेरून आलेल्या वायूतून सर्व प्रकारची घट वजा करतात: यंत्रे मोकळी करताना सोडलेला वायू, जोडांमधून झालेली गळती, तेलात विरघळून बाहेर गेलेला भाग आणि दुसऱ्या क्षेत्राला पाठवलेला वायू. दुहेरी दाव्याबाबत साधा नियम ठेवा. पकडलेला टन ज्याच्या नावावर लिहिला, त्याच्याच तक्त्यात तो वजा होईल. कारखान्याने तो घेतला असेल, तर त्या तेलाला ‘कमी कार्बनचे’ म्हणता येणार नाही.

एका वर्षाच्या आकड्यांवर निष्कर्ष काढू नका, हे मात्र आग्रहाने सांगतो. पहिल्या काही वर्षांत वायू भरपूर आत जातो आणि तेल थोडेच येते, त्यामुळे हिशेब फारच अनुकूल दिसतो. पुढे फिरून येणारा वायू वाढतो, नवी खरेदी घटते आणि तेल मात्र येतच राहते. तुमचे ०.४ टन हे प्रकल्पाच्या कोणत्या टप्प्यातले आहेत, त्यावर सगळे अवलंबून आहे. पाणी आणि वायू आळीपाळीने सोडण्याची पद्धत असेल, तर साठवणीची जागा पाणीही अडवते. ज्याला तेल हवे आहे तो वायू वाचवतो आणि ज्याला साठवण हवी आहे तो वायू कोंबतो. एकाच साठ्यात हे दोन हेतू नेहमी एका दिशेने जात नाहीत.

प्रतिसाद २

विहिरीची पोलादी नळी आणि भोवतालचा खडक यांच्यामधली पोकळी ज्या सिमेंटने भरतात, त्यावर मी काम केले आहे, म्हणून फक्त दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. कोरडा कार्बन डायऑक्साइड पोलादाला फारसा त्रास देत नाही. पाणी मिळाले की त्याचे आम्ल होते आणि ते पोलाद व सिमेंट दोन्हींना खात जाते. सॅक्रॉकमधीलच १९५० च्या सुमारास खोदलेल्या आणि सुमारे ३० वर्षे या वायूच्या सान्निध्यात राहिलेल्या एका विहिरीतून सिमेंटचा नमुना काढून तपासला गेला. शेल खडकाला चिकटलेल्या बाजूला सिमेंटचा नारिंगी झालेला पट्टा आढळला आणि पोलादी नळीच्या बाजूला कार्बोनेटचा थर बसलेला होता. म्हणजे वायू सिमेंटमधून आरपार गेला नव्हता, तो दोन्ही कडांच्या फटींतून सरकला होता. मधले सिमेंट बदललेले असूनही मोठा प्रवाह रोखण्याइतके शाबूत होते. म्हणून गळतीसाठी सर्व विहिरींना एकच टक्केवारी लावू नये. विहिरी खोदल्याचे वर्ष, बंद करण्याची पद्धत आणि सिमेंट कोणत्या खोलीपर्यंत भरले आहे, यांवरून त्यांचे गट करावेत.

आणखी एक. वायू सोडण्यापूर्वीची मातीतील वायूची मोजमापे नसतील, तर पुढे कोणत्याही तक्रारीचा निकाल लावणे कठीण जाते. वेबर्नजवळच्या एका शेतातून २०११ मध्ये गळतीची तक्रार जाहीर झाली, तेव्हा संशोधकांनी मातीतील ऑक्सिजन, नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांची परस्पर प्रमाणे तपासली. मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनाने कार्बन डायऑक्साइड वाढतो तेव्हा ऑक्सिजन घटतो; खालून वायू आला असता तर हे नाते बिघडले असते. तेथे ते श्वसनाचेच निघाले. ही पद्धत तुमच्या देखरेखीच्या प्रकरणात अवश्य घ्या.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. दोन तक्ते स्वतंत्र ठेवण्याची सूचना मी आजच अमलात आणली आणि अडकलेले प्रकरण दोन महिन्यांनी प्रथमच पुढे सरकले. ०.४ टन हा आकडा मी मधल्या टप्प्यातील वर्षांवरून घेतला होता, हे तपासताना लक्षात आले. आता सुरुवातीपासून विहिरी बंद होईपर्यंतचा पूर्ण कालखंड धरून गणित पुन्हा मांडत आहे. विहिरींचे गट करताना मात्र एक शंका आली आहे. ज्या विहिरींच्या सिमेंटची नोंदच उपलब्ध नाही, त्यांना सर्वांत वाईट गटात टाकावे की त्याच वर्षांतील नोंद असलेल्या विहिरींच्या सरासरीवर ठेवावे? सिमेंटवर काम केलेल्या ताईंनी सवडीने यावर लिहिले, तर फार मदत होईल.