वादळाआधी बोट खाडीत कोठे ठेवावी? वडील बोटीवरच थांबायचे म्हणतात

प्रश्न (वेसावे)

नमस्कार. अरबी समुद्रातील कमी दाबाचे क्षेत्र तीव्र होऊन किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकेल, असा हवामान खात्याचा अंदाज आहे. मासेमारी बंदी १ जूनला सुरू होते; तिला अवकाश असल्यामुळे आमच्या होड्या अजून शाकारलेल्या नाहीत, पाण्यातच आहेत. घरची सहा सिलिंडरची बोट खाडीच्या मुखाजवळ नांगरलेली असते आणि एक लहान फायबरची होडी धक्क्याला बांधलेली असते. मोठी बोट तेथेच ठेवावी की आणखी आत न्यावी? घर कोळीवाड्यातच असून माळ्यावर पत्रे आहेत. मात्र सर्वांत मोठी काळजी बाबांची आहे. साठी ओलांडली तरी वादळाच्या रात्री बोटीवर थांबून दोर सांभाळायचे, असे त्यांनी ठरवून टाकले आहे. मी त्यांची मुलगी. माझे ते ऐकत नाहीत. त्यांना काय सांगावे?

उत्तर (मढ)

ताई, आधी वाऱ्याचा विचार करा, कारण बोटीची जागा त्यावरून ठरते. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. वादळ मुंबईच्या पश्चिमेला, भर समुद्रातून उत्तरेकडे जात असेल, तर सुरुवातीला आपल्याकडे वारा पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून येतो; तेव्हा खाडी शांत दिसते आणि माणसे निर्धास्त होतात. केंद्र पुढे सरकले की तोच वारा आग्नेयेकडून, दक्षिणेकडून आणि शेवटी नैऋत्येकडून येऊ लागतो आणि लाटा खाडीच्या मुखातून आत शिरतात. १७ मे २०२१ रोजी तौक्ते असेच पश्चिमेकडून गेले. कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वेगाची नोंद झाली आणि कोळीवाड्यांतील अनेक होड्या नांगरलेल्या जागीच फुटल्या. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले होते. मुंबई केंद्राच्या उत्तरेला राहिल्यामुळे येथे वारा मुख्यतः जमिनीकडून होता आणि आपण बऱ्याच अंशी वाचलो. निसर्गाच्या वेळी जेथे बोट सुखरूप राहिली ती जागा भरवशाची, असे म्हणूनच कोणी धरू नये.

मोठी बोट मुखापासून दूर, वळणाच्या आतल्या बाजूला न्या, आणि उद्याच्या भरतीलाच न्या. परवा सगळेच निघतील आणि जागा उरणार नाही. बोटींना बोटी खेटून बांधण्याची आपली सवय वादळात फार घातक ठरते, कारण एकीचा दोर तुटला की ती शेजारच्या चार फोडते. मधे अंतर ठेवा आणि दोन्ही बाजूंना टायर लावा. नांगर एक नव्हे, दोन टाका, आणि दोघांमध्ये कोन ठेवा, म्हणजे वारा फिरला तरी ओढ कोणावर तरी नीट बसेल. दोर मोजताना आत्ताची खोली धरू नका. भरतीची खोली, वादळाने चढणारे पाणी आणि नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, उंची यांची बेरीज करून, जागा असेल तर तिच्या सात ते दहा पट दोर सोडा. दोर बहुधा मधे तुटत नाही. तो बोटीच्या काठावर घासून तुटतो. तेथे जुन्या रबरी नळीचे तुकडे चिरून घाला.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. त्यामुळे जाळी, बोये, शीतपेट्या, ताडपत्री असे वरचे सारे सामान उतरवून घरी न्या. उपसा पंपाची बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या. लहान होडी मात्र पाण्यात ठेवूच नका. भरतीच्या रेषेच्या बऱ्याच वर ओढून घ्या, इंजिन काढून ठेवा आणि होडी पक्क्या खुंटाला बांधा.

उत्तर (वरळी कोळीवाडा)

घराबद्दल थोडे लिहितो. पत्र्यावर दगड ठेवू नका. पत्रा हलला की तेच दगड खाली चालणाऱ्याच्या डोक्यावर येतात. वारा पत्रा उचलतो तो कडेने आणि कोपऱ्यांतून, तेव्हा तेथील हूक आणि स्क्रू आजच तपासा. सुटलेले बदला आणि वरून दोर घेऊन तो थेट वाशांना आवळा. पाण्याची टाकी भरून ठेवा. रिकामी टाकी उडते, आणि वीज गेली की पंपही बंद पडतो. घरात पाणी शिरण्याआधी मेन स्विच आणि गॅस बंद करा. अमावास्या किंवा पौर्णिमा जवळ असेल, तर उधाणाच्या भरतीची वेळ पाहून घ्या. मुंबईत साडेचार मीटरच्या वरची भरती एरवीही गटारातून उलटी आत येते. तिच्यावर वादळाचे पाणी चढले, तर तळमजल्यावर थांबणे शक्य होत नाही. म्हातारी माणसे आणि मुले त्याआधीच शाळेत किंवा नातेवाइकांकडे गेलेली बरी. महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६ आहे.

प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. बाबांना हे वाचून दाखवले. बोट उद्या आत नेण्यास ते तयार आहेत, परंतु भरती-ओहोटीप्रमाणे दोर सैल-घट्ट कोण करणार, असे त्यांचे म्हणणे आहे.

उत्तर (मढ)

त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दोराच्या लांबीतच आहे. दोर पुरेसा लांब सोडला आणि बोट धक्क्याला आखडून बांधली नाही, तर ती पाण्याबरोबर आपोआप वरखाली होते. रात्री कोणी हात लावावा लागत नाही. शंभराच्या वर गेलेल्या वाऱ्यात, अंधारात, ओल्या फळीवर उभ्या माणसाला ताणलेला दोर सोडता येत नाही आणि बांधताही येत नाही. तुटला तर तो माणसाचा हात घेऊन जातो. तौक्तेच्या वेळी पी-३०५ या बार्जचे, म्हणजे सपाट तळाच्या मोठ्या जहाजाचे, नांगर सुटले आणि ती बुडाली. ती आपल्या बोटीच्या कितीतरी पट मोठी होती, तरीही तिच्यावरची कितीतरी माणसे गेली.

बाबांना माझा नमस्कार सांगा आणि अशी विनंती करा, की त्यांची खरी गरज उद्या दिवसा आहे. नांगर चिखलात नीट रुतला का, गाठ कोणती घालायची, कोणाची बोट कोणापासून किती अंतरावर असावी, हे आजच्या मुलांना त्यांच्यासारखे कळत नाही. आळीतील सर्व बोटींचे दोर त्यांच्या नजरेखालून जाऊ द्या. संध्याकाळी तेच काम संपवून ते घरी आले, तर आळीतील तरुण खलाशीही बोटीवर थांबणार नाहीत. सर्वांचे लक्ष त्यांच्याकडेच असते.

उत्तर (माहीम)

एक गोष्ट राहिली. बोट, इंजिन आणि जाळी यांचे तारीख दिसेल असे फोटो आजच काढा. नोंदणीचे कागद, परवाना आणि विमा प्लास्टिकच्या पिशवीत घालून घराबाहेर, सुरक्षित ठिकाणी ठेवा. नुकसान झालेच, तर पंचनामा होईपर्यंत मोडलेली बोट हलवू नका, आणि हलवावीच लागली, तर आधी चारही बाजूंनी फोटो घ्या. वारा मधेच एकदम पडला, तरी लगेच धक्क्यावर धावू नका. वादळाचा डोळा वरून जात असेल, तर थोड्या वेळात उलट दिशेने तितकाच वारा येतो. हवामान खात्याचा इशारा उतरल्यावरच बाहेर पडा.