आय-स्टार: ध्येयासाठीचे अवलंबन आणि कार्यासाठीचे अवलंबन यांत नेमका फरक कोणता?

प्रश्न

नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी टोरांटो विद्यापीठातील प्रा. एरिक यू यांची आय-स्टार पद्धत वापरत आहे; नवी प्रणाली बनवण्याआधी तिच्याशी संबंधित माणसे व प्रणाली एकमेकांवर कशासाठी अवलंबून आहेत, हे तीत बाणांच्या आकृतीने दाखवतात. बैठकीची वेळ ठरवणाऱ्या प्रणालीचे उदाहरण असलेला त्यांचा १९९७ चा शोधनिबंध मी वाचला आहे. प्रणालीने काय करावे याची यादी आमच्याकडे तयार असताना, कोण कोणावर अवलंबून आहे हे रेखाटून हाती काय लागते? शिवाय अवलंबन ध्येयासाठीचे दाखवले काय किंवा कार्यासाठीचे दाखवले काय, आकृती जवळपास सारखीच दिसते. मग हा भेद का करायचा?

प्रतिसाद १

हा भेदच या पद्धतीचा गाभा आहे, असे माझे ठाम मत आहे. बैठक बोलावणारा सहभागींवर ‘बैठकीला उपस्थित राहणे’ या ध्येयासाठी अवलंबून असतो तेव्हा ते कसे साधायचे हे सहभागी ठरवतात; याउलट ‘मोकळ्या तारखा भराव्यात’ हे कार्य म्हणून सोपवले, की काम कसे करायचे हेसुद्धा सोपवणाऱ्यानेच ठरवून दिलेले असते. म्हणजे निर्णयाचे स्वातंत्र्य कोणाकडे राहते, हे त्या एका चिन्हातून कळते. तुमच्या यादीत ‘प्रणालीने तारखा गोळा कराव्यात’ असे वाक्य असेल. पण ज्याच्याविना बैठकच निरर्थक ठरेल असा महत्त्वाचा सहभागी आलाच नाही तर काय, हा प्रश्न त्या वाक्यातून सुचत नाही. यू यांनी अशा सहभागीसाठी उपस्थितीची खात्री हे वेगळे अवलंबन दाखवले आहे. आकृतीतला प्रत्येक बाण अवलंबून असणाऱ्याला काहीतरी मिळवून देतो आणि त्याच वेळी त्याला दुबळेही करतो. १९९५ च्या प्रबंधापासून त्यांचा भर ‘काय’च्या आधी ‘का’ विचारण्यावर आहे, तो यासाठीच.

प्रतिसाद २

वरील उत्तराशी सहमत आहे. एक भर घालतो: जुन्या लेखनातील ‘सॉफ्टगोल’ (म्हणजे पूर्ण झाले की नाही हे काटेकोरपणे सांगता येत नाही असे ध्येय) या घटकाच्या जागी २०१६ च्या आय-स्टार २.० मध्ये ‘गुणवत्ता’ हा घटक आला, त्यामुळे दोन्ही आवृत्त्यांची चिन्हे एकाच आकृतीत मिसळू नका. बेल्जियममधील प्रा. आक्सेल व्हान लाम्सवेर्दे यांची, ध्येयांवरून प्रणालीच्या गरजा ठरवणारी काओस पद्धतही पाहावी. तिथे ध्येये औपचारिक तर्कशास्त्रात मांडता येतात आणि ती पूर्ण होण्याच्या वाटेतील अडथळे पद्धतशीरपणे शोधता येतात. मात्र माणसांमधील परस्परावलंबन समजून घ्यायचे असेल, तर मी आय-स्टारच निवडेन.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आमच्या आकृतीत सहभागींकडून अपेक्षित असलेली प्रत्येक गोष्ट आम्ही कार्य म्हणून दाखवली होती, म्हणजे त्यांना कोणताही निर्णय घेण्यास वावच ठेवला नव्हता. आता प्रत्येक बाणाजवळ थांबून, तो निर्णय खरोखर कोणाचा आहे हे संबंधित व्यक्तींनाच विचारणार आहोत.