दोन ट्रान्समिशन लाइन जोडताना करारात नेमकं काय लिहून घ्यावं?

तळोजा_लाइन

तळोजा-पनवेल पट्ट्यात दोन वेगळ्या ऑपरेटरांच्या गॅस ट्रान्समिशन लाइन जोडायच्या आहेत. देणारी लाइन ७५ बारच्या आसपास चालते, घेणारी ४५ ला. सुरुवातीला रोज ५ लाख एससीएम (स्टँडर्ड घनमीटर), दोन-तीन वर्षांत २० लाखांपर्यंत. एकीकडे आयात एलएनजीचा गॅस, दुसरीकडे समुद्रातल्या क्षेत्रांचा. पीएनजीआरबी या नियामक मंडळाचा पाइपलाइन-वापराचा २००८ चा अ‍ॅक्सेस कोड समोर आहे. शिपर (गॅस वाहून घेणारा) आणि ट्रान्सपोर्टर (पाइपलाइन चालवणारा) यांचं नातं त्यातून कळतं. अडतंय ते दोन ऑपरेटरांमधल्या कराराशी. मीटर कोणाचा, फरक पडला तर कोणाच्या माथी, आणि गॅस नाकारायचा अधिकार कोणाला? मसुदा करायला घेतलाय, कुठे फसतात ते आधीच कळलं तर बरं.

वडाळा_गेट

मीटर आणि व्हॉल्व्हवर पानंच्या पानं लिहिली जातात आणि ॲलोकेशन (कोणाच्या नावे किती गॅस धरायचा ते) एका परिच्छेदात उरकलं जातं. भांडण मात्र तिथंच होतं, म्हणून सुरुवात तिथून करा.

जोडबिंदूवर तीन शिपर आहेत असं धरा. तिघांनी मिळून २०,००० एमएमबीटीयू (ऊर्जेचं माप) नॉमिनेट केले, म्हणजे आगाऊ मागितले, आणि मीटरवरून गेले १९,४००. ते ६०० कोणाचे कमी धरायचे? प्रमाणात वाटले तर तिघांनाही खालच्या, म्हणजे घेणाऱ्या, लाइनवर इम्बॅलन्सचा (मागितलेला आणि प्रत्यक्ष गॅस यातल्या फरकाचा) भुर्दंड बसतो. कमी पडलं ते कंट्रोल व्हॉल्व्हच्या सेटिंगमुळे, शिपरचा त्यात काही दोष नाही. म्हणून ऑपरेशनल बॅलन्सिंग अकाउंट ठेवा, म्हणजे ओबीए. शिपरला मंजूर नॉमिनेशनइतकाच गॅस मिळाला असं धरायचं आणि ६०० चा फरक दोन ऑपरेटरांच्या आपसातल्या खात्यात टाकायचा. तो पुढच्या दिवसांत गॅसनेच फेडायचा, पैशाने नाही. युरोपियन युनियनच्या २०१५/७०३ या नियमावलीत हीच पद्धत मुळात धरलेली आहे. तिथल्या इंटरकनेक्शन करारात प्रवाहाचं नियंत्रण, मोजमाप, नॉमिनेशन जुळवणी, ॲलोकेशन, आपत्कालीन संपर्क आणि वाद सोडवणं हे विषय घ्यावेच लागतात. तुमच्या मसुद्याची अनुक्रमणिका तीच ठेवा.

जुळवणीचा नियमही लिहून ठेवा. शिपरने वर ८,००० मागितले आणि खाली ७,५००, तर दोन्हीकडे ७,५०० मंजूर. कमी आकडा धरायचा. त्यासाठी शिपरचे कोड दोन्हीकडे जोडीने नोंदवलेले हवेत. ते नसले की जुळवणी हाताने होते, आणि हाताने केलेली जुळवणी रात्रपाळीत चुकते.

हिशेब ऊर्जेत करा, घनफळात नको. एका बाजूचा गॅस दर एससीएमला ९,३०० किलोकॅलरीचा आणि दुसरीकडचा ९,९०० चा असला, तर ५ लाख एससीएममध्ये जवळजवळ १,१९० एमएमबीटीयूचा फरक पडतो.

स्किड_आणि_स्पूल

हार्डवेअरबद्दल. अल्ट्रासॉनिक मीटर रेग्युलेटरच्या आधी, म्हणजे ७५ बारच्या बाजूला बसवा. मीटर नंतर बसवला तर दाब उतरवणाऱ्या व्हॉल्व्हचा आवाज त्याच्यात शिरतो. 'लो नॉइज' ट्रिमचा व्हॉल्व्ह कानाला शांत लागतो, पण त्याचा आवाज बऱ्याचदा नेमका अल्ट्रासॉनिक पट्ट्यात सरकलेला असतो, आणि मीटरचे पाथ (ध्वनिलहरींचे मार्ग) गळायला लागतात. आधी बसवला तरी मीटर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये एक-दोन टी वळणं ठेवाच.

साइझ उद्याच्या २० लाखांवर बेतू नका. ७५ बारवर ५ लाख एससीएम रोज म्हणजे १२ इंची मीटरमध्ये गॅसचा वेग सेकंदाला जेमतेम १ मीटर, ८ इंचीत २ च्या थोडा वर. एजीए-९ या अल्ट्रासॉनिक मीटरच्या अमेरिकी मानकाप्रमाणे खालच्या प्रवाहात मीटरला चुकीची सवलत मोठी असते. दिवसाचा सगळा प्रवाह त्याच पट्ट्यात राहिला तर दोन मीटरचे आकडे कायम वेगळे येतील आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर ठरतील. ८ इंची दोन रन (मीटर बसवलेल्या पाइपच्या ओळी) घ्या, तिसऱ्याची जागा हेडरवर ब्लाइंड करून ठेवा. फ्लो कंडिशनर, त्याच्या आधी १०डी, नंतर १०डी, मीटरच्या पुढे ५डी (डी म्हणजे पाइपचा व्यास).

दाब ७५ वरून ४५ वर आला की तापमान ढोबळमानाने १५ अंशांनी उतरतं. आपल्याकडे जमिनीखालचा गॅस २७-२८ अंशांचा, म्हणजे १२-१३ वर येईल. हीटर लागणार नाही. पण कमिशनिंगच्या दिवशी खालची लाइन १० बारवर असेल तर घसरण ३० अंशांच्या वर जाते. तेव्हा छोट्या बायपासमधून हळू भरायचं आणि किती दराने ते करारातच लिहायचं.

जोडाच्या ठिकाणी मोनोलिथिक इन्सुलेटिंग जॉइंट हवाच. दोन्ही लाइनचं कॅथोडिक प्रोटेक्शन (गंज रोखणारा विद्युतप्रवाह) वेगळं. जॉइंट नसला तर एकाचा रेक्टिफायर दुसऱ्याची लाइन पोसत बसतो आणि उणे ८५० मिलिव्होल्टचं वाचन भलतीकडेच ढासळतं.

डिस्पॅच_६ते६

ओबीएला माझा पाठिंबा आहे, पण मर्यादेशिवाय नको. वडाळा_गेट यांनी ती लिहिली नाही म्हणून भर घालतो. ३० इंची, १०० किलोमीटरच्या लाइनमध्ये दाब १ बारने हलला की लाइनपॅक (लाइनमध्ये साठलेला गॅस) साधारण ५० हजार एससीएमने हलतो. खालच्या लाइनला ३ बारचीच मोकळीक असेल तर दीड लाख एससीएम एवढीच तुमची उशी, आणि तिच्यावर इतर शिपरही झोपलेले आहेत. ओबीएची मर्यादा या हिशेबावरून काढा, टक्केवारी डोळे मिटून उचलू नका. मर्यादा ओलांडली की त्या दिवसापुरतं प्रमाणात वाटप, आणि तसं शिपरना त्याच दिवशी कळवायचं.

गॅस-डे सकाळी ६ ते ६. दोन्ही फ्लो कॉम्प्युटरची घड्याळं एकाच स्रोताला बांधा. संदर्भ तापमान १५ अंश आणि १.०१३२५ बार, हे आकडे करारात लिहा. एखाद्या जुन्या कॉन्फिगरेशनमध्ये ० अंश राहिलं तर घनफळात साडेपाच टक्क्यांचा फरक येतो. असा फरक गळती समजून शोधत बसण्यात आठवडे जातात.

गुणवत्तेचं: अ‍ॅक्सेस कोडच्या तक्त्यात कार्बन डायऑक्साइड कमाल ६ मोल टक्के, एकूण निष्क्रिय वायू ८, हायड्रोजन सल्फाइड ५ पीपीएम, पाण्याचा आणि हायड्रोकार्बनचा दवबिंदू ० अंश. हायड्रोकार्बन दवबिंदू एकाच दाबाला मोजून सोडू नका. जड घटक असलेल्या गॅसमध्ये तो मधल्या दाबाला, साधारण २५ ते ४० बारच्या दरम्यान, सर्वांत वर असतो. म्हणजे ७५ ला कोरडा दिसलेला गॅस पुढे दाब उतरताना द्रव सोडू शकतो. तो द्रव ग्राहकाच्या बर्नरपर्यंत पोचतो, तेव्हा कराराचा कागद कामाला येत नाही. सहा आणि जास्त कार्बनचे घटक एकत्रच मोजणारा सी६+ क्रोमॅटोग्राफ यासाठी पुरत नाही, सी९+ मागा.

शिपर_बाजू

वरचं सगळं ऑपरेटरांच्या नजरेतून झालं. जोडबिंदूची क्षमता उघड केली नाही तर सामाईक वापर कागदावरच राहतो, आणि लहान ग्राहकाचं नुकसान तिथेच होतं.

पाइपलाइनमध्ये स्वतःची गरज आणि पक्के करार मिळून ९ एमएमएससीएमडी (रोजचे दशलक्ष एससीएम) असतील तर त्यावर एक तृतीयांश, म्हणजे ३, कॉमन कॅरिअर, म्हणजे कोणत्याही शिपरला खुली क्षमता, म्हणून ठेवायची असते. एकूण १२ पैकी २५ टक्के. वर्षाहून कमी मुदतीचे करार त्यातून होतात. आता दोन्ही लाइनमध्ये ३-३ मोकळे असूनही जोडावरचा रेग्युलेटर ०.५ चाच असेल तर शिपरला मिळणार ०.५. म्हणून जोडबिंदूची क्षमता, बुक झालेली आणि शिल्लक, रोज दोन्ही वेबसाइटवर एकच आकडा म्हणून दिसली पाहिजे. दोन ठिकाणी दोन आकडे असतील तर शिपर लहान आकड्यावर अडतो. गॅस एक्स्चेंजवर दिवसाचा सौदा करणाऱ्याला तर चौकशीला वेळच नसतो.

तळोजा_लाइन

सर्वांचे मनापासून आभार. मर्यादा आणि सी९+ आमच्याकडून सुटलेच होते. एकच राहिलं: मीटर बिघडला आणि तो कधीपासून चुकत होता हेच कळलं नाही, तर?

स्किड_आणि_स्पूल

क्रम आधीच ठरवा. पहिला चेक मीटर, तो दुरुस्त असेल तर त्याचं वाचन. नाही तर कॅलिब्रेशनमध्ये निघालेल्या चुकीवरून गणित. तेही नाही तर तशाच प्रवाहाच्या दिवसांवरून अंदाज. चूक कधी सुरू झाली ते कळत नसेल तर मागच्या तपासणीपासूनच्या काळाचा निम्मा भाग दुरुस्त करतात. म्हणून तपासणी महिन्याला ठेवा, तिमाहीला नको. दुरुस्ती जास्तीत जास्त पंधरा दिवसांची राहील. आणि प्रत्येक तपासणीला दोन्ही ऑपरेटरांची माणसं हजर, सील दोघांचं.