गुलमर्गचा बर्फ फोटोत राखाडी आणि निळा का आला?

प्रश्न – मंगळवारपेठकर

नमस्कार. जानेवारीत आम्ही कुटुंबासह गुलमर्गला जाऊन आलो. तेथे बर्फ डोळ्यांना गंगावेशीच्या कट्ट्यावर नुकत्याच काढलेल्या दुधाच्या फेसासारखा शुभ्र दिसत होता. कोल्हापुरात परतल्यावर फोटो मोठ्या पडद्यावर पाहिले, तेव्हा मात्र उघड्या उतारावरचा बर्फ राखेसारखा मळकट आणि झाडांच्या सावलीतला चक्क निळा निघाला. कॅमेरा अपर्चर प्रायॉरिटीवर (भिंगाचे छिद्र आपण ठरवायचे, उजेडाचे बाकी गणित कॅमेऱ्याने) आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार पांढरा कोणता ते ठरवणारी सोय) ऑटोवर होता. सुदैवाने रॉ फाइल्स (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ माहिती) आहेत. दोन फोटो छापायला दिले, तर छपाईवाल्याने आपल्या मनाने सगळा निळेपणा काढून टाकला आणि सकाळी आठचा बर्फ पिवळट करून दुपारचा करून ठेवला. बर्फाचा खरा रंग नेमका कोणता धरावा? फेब्रुवारीअखेर मनालीला जायचे आहे, म्हणून विचारतो.

उत्तर १ – पन्हाळा_पायवाट

आपल्या फोटोंत दोन निराळे प्रकार आहेत, त्यांची गल्लत करू नये. राखाडीपणा हा मोजमापाचा दोष आहे. कॅमेऱ्यातील उजेड मोजणारा मीटर समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाइतके उजळ आहे असे गृहीत धरतो. हा करडा रंग सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारा मानला जातो, तर ताजा बर्फ ८० ते ९० टक्के परत फेकतो. त्यामुळे चौकट बर्फाने भरली की मीटरला उजेड फार वाटतो आणि तो फोटो काळवंडून टाकतो. यावर उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड हाताने कमी-जास्त करण्याची सोय) अधिक १ ते अधिक २ पायऱ्यांपर्यंत वाढवणे. (उतारावरून परत हॉटेलात शिरल्यावर ते शून्यावर आणायला विसरू नये, मी विसरलो होतो आणि जेवणाचे सगळे फोटो पांढरेफटक आले.)

निळेपणाचे तसे नाही. सावलीत थेट ऊन पोहोचत नाही, तेथे निळ्या आकाशाचाच उजेड पडतो आणि बर्फ तो जसाच्या तसा परत करतो. तो निळा रंग खरोखरच तेथे असतो.

उत्तर २ – रंगपेटी

मी चित्रकला शिकवतो. पांढऱ्या धोतराची सावली मुले हमखास काळा मिसळून रंगवतात आणि धोतर मळलेले दिसते; तेथे निळ्याचा हलका हात दिला की कापड उजळते. आपल्या आज्या-पणज्या पांढऱ्या कपड्यांना नीळ घालत, त्यामागेही हेच होते. डोळा बर्फासमोर गेला की थोड्याच वेळात निळेपणा वजा करून ‘पांढरे’ असे ठरवून टाकतो. कॅमेरा तसे करत नाही. म्हणून सावलीतला निळा पुसून टाकणे मला तरी खोटेपणाचे वाटते. तो थोडा कमी करावा, मात्र उन्हातला बर्फ पिवळा पडू लागला की तेथेच थांबावे.

उत्तर ३ – शाहूपुरी_४

वरील मतांशी सहमत, पण सरसकट अधिक २ करू नये. भर उन्हात हिस्टोग्रामचा (फोटोत गडद ते उजळ भाग किती आहेत ते डावीकडून उजवीकडे दाखवणाऱ्या आलेखाचा) उजवा टोकाचा भाग कडेला चिकटला की बर्फाच्या कणांचा पोत जातो, आणि एकदा पूर्ण पांढरा झालेला भाग रॉ फाइलमधूनही परत येत नाही. व्हाइट बॅलन्स मात्र रॉमध्ये नंतर हवा तसा बदलता येतो. मी तो ५५०० केल्विनच्या (उजेडाचा रंग मोजण्याचे एकक; हा आकडा साधारण दुपारच्या उन्हाचा) आसपास स्थिर ठेवतो, कारण ऑटोवर एकाच उताराचे चार फोटो चार रंगांचे निघतात.

सरावासाठी मनालीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. गच्चीवर सकाळी पांढरी चादर अर्धी उन्हात आणि अर्धी पाण्याच्या टाकीच्या सावलीत पसरावी आणि कॉम्पेन्सेशन शून्यापासून एकेक पायरी वाढवत फोटो काढावेत. ऊन तिरपे असले की चादरीच्या चुण्या दिसतात. बर्फाचा पोतही तसाच सकाळी किंवा सायंकाळी उठतो.

मंगळवारपेठकर

सर्वांचे आभार. काल रात्री एक रॉ फाइल उघडून एक्स्पोजर १.३ पायऱ्यांनी वाढवले आणि व्हाइट बॅलन्स ५५०० वर ठेवला. त्या फोटोत मुलीच्या बुटाचा ठसा आहे; आता त्याच्या कडेवर उन्हात एकेक कण सुटा दिसतो आणि आतला खड्डा निळसर आहे. हाच फोटो पुन्हा छापायला देणार आहे, या वेळी ‘रंगाला हात लावू नये’ अशी चिठ्ठी जोडून.